'शिवकल्याण राजा' : एका ध्वनिमुद्रिकेचे पुनःश्रवण

प्रास्ताविक

मराठीतील संगीतसमीक्षा प्रामुख्याने मैफलीची, नाट्यपदांची किंवा सुट्या भावगीताची झाली आहे. ध्वनिमुद्रिका ही एक स्वतंत्र, आदि-मध्य-अंत असलेली कलाकृती असू शकते, हा विचार आपल्याकडे फारसा रुजला नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपास गायन मावत असे, तोपर्यंत असा विचार संभवनीयही नव्हता. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश उपलब्ध झाला, तेव्हा गीतांचा क्रम, त्यांतील विराम, बाजू उलटण्याचा क्षण या साऱ्यांना अर्थ प्राप्त झाला. पाश्चात्त्य रॉक संगीतात १९६९ ते १९७५ या काळात या अवकाशाचा सर्वाधिक महत्त्वाकांक्षी उपयोग 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदांनी केला. किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस यांनी संपूर्ण तबकडी एका सूत्रात ओवली. त्या तबकड्या आज पुनःप्रकाशित होतात तेव्हा मूळ फिती नव्याने मिश्रित केल्या जातात, सोबत पुस्तिका असते, वादकांची नावे असतात, ध्वनिमुद्रणाचा इतिहास असतो. किंग क्रिमसनची १९६९ ची पहिली ध्वनिमुद्रिका चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, स्टीव्हन विल्सन यांच्या नव्या मिश्रणासह आली. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे पुनःप्रकाशन २००३, २०११ आणि २०२३ अशा टप्प्यांनी झाले. प्रत्येक वेळी समीक्षकांनी ती कृती पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकली व तिचे मूल्यमापन फेरतपासले.

मराठीत असे पुनःश्रवण व्हावे अशी योग्यता असलेली जी मोजकी ध्वनिमुद्रिका-रूपे आहेत, त्यांत १९७४ च्या 'शिवकल्याण राजा'चे स्थान वरचे आहे. संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, स्वर लता मंगेशकर, निवेदन बाबासाहेब पुरंदरे. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे निमित्त. जेनेसिसची 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' ही दोन तबकड्यांची कथामय कृती त्याच वर्षीची. हा निव्वळ योगायोग असला तरी एकाच माध्यमाने दोन अत्यंत भिन्न संस्कृतींत एकाच सुमारास दीर्घ रचनेची ओढ निर्माण केली, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

पुढे ही कृती तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि तेथून मोबाइलवर आली. या प्रवासात आवाज टिकला, पण कृतीची घडण विस्कटली. ती घडण काय होती आणि ती हरवल्यामुळे काय बिघडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आख्यानाचा वारसा

'संकल्पनाधिष्ठित ध्वनिमुद्रिका' हा प्रकार पश्चिमेकडून आला असे म्हणून या कृतीची बोळवण करणे सोपे आहे. मात्र ते बरोबर नाही. बोललेला गद्य भाग, त्यातून उगवणारे पद, पदानंतर पुन्हा गद्य, ही रचना मराठी श्रोत्यास शतकानुशतके परिचित आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यान नेमके असेच चालते. कीर्तनकार प्रसंग उभा करतो, काळ-स्थळ सांगतो, आणि भावनेचा बांध फुटण्याच्या क्षणी पद सुरू होते. मोरोपंतांची आर्या, रामदासांचा श्लोक, एखादे हिंदी कवित्त अशी भिन्न काळांची व भिन्न भाषांची पद्ये एकाच आख्यानात सुखाने नांदतात. 'शिवकल्याण राजा'तही सतराव्या शतकातील रामदास आणि भूषण, विसाव्या शतकातील गोविंदाग्रज, सावरकर आणि कुसुमाग्रज एका माळेत येतात. मराठीच्या शेजारी भूषणाची ब्रजभाषा कोणास खटकत नाही, याचे कारणही कीर्तनानेच मराठी कानाला दिलेले हे वळण होय.

दुसरा पूर्वज अर्थातच 'गीतरामायण'. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या माडगूळकर-फडके यांच्या छपन्न गीतांनी दीर्घ कथा गीतांतून सांगता येते हे सिद्ध केले होते. तेथे मात्र कवी एक होता आणि नभोवाणीवरील गायक अनेक होते. हृदयनाथांनी हे नाते उलटे केले. कवी अनेक, काळ अनेक, भाषाही दोन. गाणारा कंठ मुख्यतः एकच. या उलटापालटीत या कृतीचे वेगळेपण साठवले आहे. भिन्न कवींच्या भिन्न वृत्तींना एकत्र बांधणारा धागा कथानकात नाही. तो लता मंगेशकरांच्या आवाजात आहे.

कीर्तनाशी असलेला एक फरक मात्र येथे नोंदवला पाहिजे. कीर्तनकार स्वतःच सांगतो आणि स्वतःच गातो. या ध्वनिमुद्रिकेत ती दोन कामे दोन आवाजांत विभागली आहेत. पुरुषाचा आवाज इतिहास सांगतो, स्त्रीचा आवाज तो सोसतो. एका अर्थाने ही विभागणी रूढच आहे, आणि स्त्रीवादी समीक्षेने तिच्यावर बोट ठेवले तर ते योग्यच ठरेल. तथापि गाण्यांत प्रत्यक्ष जे घडते ते या रूढ विभागणीला पुरून उरते.

आवाजाची निवड

शिवचरित्राचा प्रस्थापित आवाज म्हणजे शाहिराचा आवाज. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकालातच रचला गेला. तेव्हापासून शिवाजी महाराज म्हटले की डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ मराठी मनात उभी राहते. हृदयनाथांनी आपल्या चालींचा पाया या ढंगावर रचला नाही. उस्ताद अमीर खाँ यांच्याकडे घेतलेल्या तालमीमुळे स्वरांच्या संथ, लांबवर पसरणाऱ्या रेषेचे आकर्षण त्यांच्या रचनांत प्रथमपासून आहे. त्यांच्या गीतांत मुखडा सुटसुटीत असतोच असे नाही; अंतरा अनपेक्षित स्वरावर जाऊन थबकतो; गायकाला दमसास आणि श्रोत्याला धीर लागतो. वीररसाला हा पिंड वरवर पाहता प्रतिकूल वाटतो, आणि कृतीचे यश नेमके त्या प्रतिकूलतेत आहे.

बाजीप्रभूंच्या तोंडी घातलेले कुसुमाग्रजांचे गीत पाहावे. जुलै १६६० मधील घोडखिंडीचा प्रसंग. महाराज विशाळगडी पोहोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत प्राण धरून ठेवणारा जखमी योद्धा बोलतो आहे. पोवाडा येथे खणखणला असता. हृदयनाथांनी मात्र चाल विलंबित ठेवली. लढाईचा शेवट केव्हा होईल हा प्रश्न जणू त्या लयीतच मुरवला आहे. काळ पुढे सरकतच नाही, तोफ वाजत नाही आणि स्वर उंच जाऊन तेथेच थांबतो. हे मरणोन्मुख पुरुषाचे स्वगत स्त्रीच्या कंठातून येते तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर कळेनासे होते की बोलणारा कोण : बाजी, की त्यांच्यासाठी विलाप करणारे कुणी? ही संदिग्धता संगीतकाराने हेतुतः योजली असो वा नसो, कृतीला तिने अपूर्व खोली दिली आहे. संपूर्ण संचात हे गीत श्रेष्ठ होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रतापराव गुजर आणि परंपरेने मानलेले त्यांचे सहा सोबती यांच्यावरील गीत याहून कितीतरी लोकप्रिय आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ बहलोलखानाच्या फौजेवर त्यांनी झेप घेतली. राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी. म्हणजे सोहळ्याच्या जेमतेम साडेतीन महिने आधी स्वराज्याने आपला सरसेनापती गमावला होता. त्रिशताब्दीच्या उत्सवी ध्वनिमुद्रिकेत हे गीत असणे म्हणजे सिंहासनाच्या पायरीशी हे मरण ठेवणे होय. टापांचा भास देणारी लय, समूहस्वरांची साथ यांमुळे गीत झपाट्याने पुढे जाते, परंतु शब्दांचा ओघ शोकाकडे आहे. मिरवणुकीत ते ऐकणाऱ्यांच्या ध्यानी केवळ दौड राहते. दौडीचा शेवट काय झाला, हे गीतच सांगते. ऐकणाऱ्याची मात्र शेवटपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

याउलट भूषणाचे कवित्त. मालोपमेचा तो नमुना अलंकारशास्त्राच्या तासाला उपयोगी पडावा इतका नेटका आहे : एकामागून एक उपमान, आणि शेवटी उपमेय. हृदयनाथांनी ही साखळी चढत्या आवेगात बांधली. अनुप्रासाचा नाद तालवाद्यांवर आदळतो, आणि ब्रजभाषेचा अर्थ न समजणाऱ्यालाही अंगावर रोमांच उभे राहतात. पण हेही म्हटले पाहिजे की हे गीत आपले सर्वस्व पहिल्याच श्रवणात देऊन टाकते. दहाव्या वेळी त्यात नवे काही सापडत नाही. सावरकरांच्या रचनेबाबत अडचण वेगळी आहे. तिच्यातील संस्कृतप्रचुर समास वाचताना भारदस्त वाटतात, गाताना मात्र स्वराला श्वास घेऊ देत नाहीत. दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' रंगभूमीवर आणले होते. मंगेशकर कुटुंबाचे या कवीशी जुने नाते आहे आणि रचनेमागील आस्था ऐकू येते. आस्था आणि यश या मात्र दोन गोष्टी आहेत.

पाळणा

संचातील सर्वांत कमी ऐकले जाणारे आणि बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यास सर्वांत जवळचे वाटावे असे गीत म्हणजे गोविंदाग्रजांचा शिवरायांचा पाळणा. आई बाळाला नीज म्हणते, बाळ जागे. गोविंदाग्रजांनी या साध्या प्रसंगात पुढचा सारा इतिहास सूचित केला आहे : जागणाऱ्या बाळाला आणि त्याला जोजवणाऱ्या आईला पुढे काय येणार हे ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक आहे. हृदयनाथांनी चाल घरगुती ठेवली. तीत वीररसाचा लवलेश नाही. लता मंगेशकरांचा आवाज येथे कुठलेही कौशल्य दाखवीत नाही, आणि हेच त्यातील कौशल्य.

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाला जिजाऊंचे नाव केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. सिंदखेड राजा याच जिल्ह्यात. लखुजी जाधवांचा वाडा, १२ जानेवारीचा जन्मोत्सव, त्यासाठी राज्यभरातून लोटणारा जनसमुदाय हे येथील वार्षिक वास्तव आहे. या भूगोलातून ऐकले की ध्वनिमुद्रिकेचे केंद्र सरकते. नाव राजाचे असले, गीतांचा रोख राजाकडे असला, तरी त्या साऱ्यांना जोडणारा आवाज आईचा आहे. पाळणा गाणारा तोच आवाज पुढे बाजींचे मरण गातो, नेसरीचे मरण गातो, आणि रामदासांच्या राजस्तुतीपर्यंत येतो. पाळण्याचा तो मृदू स्वर एकदा कानात बसला की वीरगीतांतही तो ऐकू येत राहतो. पाळणा वगळून ऐकले तर हे नाते तुटते, आणि उरतात ती शौर्यगीते.

नेमके तेच घडले आहे. शिवजयंतीच्या ध्वनिक्षेपकावर पाळणा सहसा लागत नाही. तेथे भूषण आणि नेसरी लागतात. ऑनलाइन श्रवणसेवांवर गीते सुटी शोधली जातात, सुटी ऐकली जातात, आणि एका गीतानंतर यंत्र भलत्याच संचातील दुसरे वीरगीत पुढे करते. कॅसेटमध्ये निदान फीत पुढे सरकवण्याचा कंटाळा श्रोत्याला क्रमाशी बांधून ठेवीत होता. अर्थात लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे गाणे उचलावे यात गैर काही नाही. कीर्तनातील पदेही अशीच घरोघर गेली. मात्र त्या पदांना सांभाळणारी कीर्तनाची परंपरा पाठीशी जिवंत होती. ध्वनिमुद्रिकेला तसा सांभाळणारा कोणी नाही.

निवेदन आणि वाद

या कृतीचे पुनःश्रवण आज निर्वेधपणे करता येत नाही, याचे प्रमुख कारण तिचे निवेदन. १९७४ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे कथन बहुसंख्य मध्यमवर्गीय श्रोत्यांना शिवचरित्राचा स्वाभाविक आवाज वाटत होते. पुढे १९८५ च्या 'जाणता राजा' या महानाट्याने तो अधिक दूरवर पोहोचवला. २००३ मधील जेम्स लेन यांचे पुस्तक, जानेवारी २००४ मधील भांडारकर संस्थेवरील हल्ला, २०१५ मध्ये पुरंदरे यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाल्यावर उठलेला वाद, या घटनाक्रमाने चित्र पालटले. रामदासांच्या शिवाजी महाराजांशी असलेल्या संबंधाचा प्रश्नही याच काळात तीव्र झाला. जिजाऊंच्या सन्मानाशी जोडलेला हा वाद या जिल्ह्यात केवळ वर्तमानपत्री राहिला नाही. परिणामी आज महाविद्यालयीन वर्गात 'शिवकल्याण राजा'चे नाव काढले तर दोन प्रतिक्रिया संभवतात : एक भक्तीची, दुसरी नकाराची. दोन्हींत ऐकणे बाजूला राहते.

समीक्षेने येथे स्तर वेगळे करणे अगत्याचे आहे. निवेदनाची भाषा नाट्यमय, विशेषणबहुल आणि श्रद्धेने ओथंबलेली आहे. ती इतिहासलेखनाची भाषा नव्हे आणि तिला इतिहासाचे प्रमाण मानू नये. पण ध्वनिमुद्रिकेत तिचे कार्य आख्यानकाराचे आहे. ती श्रोत्याला एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात नेते आणि गीताला उगवण्यासाठी शांतता तयार करते. निवेदन गाळून केवळ गीते ऐकणे हा वादावरचा तोडगा नाही, कारण त्यामुळे कृतीची ऐतिहासिक भूमिका लपते, नाहीशी होत नाही. ज्या दृष्टीने गीते निवडली गेली ती दृष्टी निवेदनात उघडपणे बोलते. ती ऐकू येत असेल तर तिच्याशी वाद घालता येतो.

आणि वाद घालण्याजोगे मुद्दे आहेत. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून प्रसिद्ध केला. त्यातील शिवाजी महाराज शूद्रातिशूद्रांच्या परंपरेतील राजा म्हणून उभे राहतात. १९७४ च्या या संचात फुले नाहीत. शाहिरी परंपरेचा पाया नाकारण्यामागे सांगीतिक कारण होते आणि त्या नकारातून बाजींच्या गीतासारखी अद्वितीय रचना मिळाली, हे मान्य केले तरी त्याच नकाराबरोबर एक सामाजिक आवाजही बाहेर राहिला, हे नोंदवावे लागते. रामदास, भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज ही यादी काव्यदृष्ट्या समृद्ध आहे. पण ती एका विशिष्ट वाचनसंस्कृतीची यादी आहे. तीत मावळ्यांच्या मरणाचे दुःख आहे, मावळ्यांचे स्वतःचे शब्द नाहीत.

रामदासांच्या रचनांबाबत थोडे वेगळे म्हणता येईल. राजस्तुतीची रचना आणि 'आनंदवनभुवनी' यांचा समावेश म्हणजे गुरुशिष्यसंबंधाची ग्वाही, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. काव्य म्हणून पाहिले तर दुसरी रचना स्वप्नदर्शनाची आहे. उद्ध्वस्त काळात राहणारा कवी एक निर्मळ भूमी पाहतो. हृदयनाथांनी तिला दिलेली गूढ, काहीशी एकाकी स्वरयोजना त्या स्वप्नाशी प्रामाणिक आहे; तीत सत्तेचा जयघोष नाही. संगीताने केलेले हे वाचन वादातील दोन्ही वाचनांपेक्षा सूक्ष्म आहे.

पुनःप्रकाशनाकडून अपेक्षा

ग्रामोफोन कंपनीचे 'सारेगामा' असे नामांतर २००० मध्ये झाले. जुन्या ठेव्याचे नव्या माध्यमांत रूपांतर हा तिच्या व्यवसायाचा मोठा भाग आहे, आणि त्यामुळे हे संगीत उपलब्ध राहिले याचे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि उपलब्धता म्हणजे पुनःप्रकाशन नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर गायिकेचे नाव ठळक दिसते. कवीचे नाव शोधावे लागते. वादक, संयोजक, समूहगायक यांचा मागमूस नसतो. ज्या कृतीत सतराव्या आणि विसाव्या शतकांतील कवी शेजारी बसवले आहेत, तेथे कवीचे नाव नसणे म्हणजे अर्थाचा अर्धा भाग नसणे. एखाद्या विद्यार्थ्याला नेसरीचे गीत शिवकालीन आहे असे वाटले तर दोष त्याचा नाही. हे गीत नाशिकच्या, १९९९ मध्ये दिवंगत झालेल्या कवीचे आहे हे त्याला सांगणारे काहीच त्याच्या हाती नसते.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी पुरंदरे आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले. राज्याभिषेकाचे साडेतीनशेवे वर्ष २०२३-२४ मध्ये साजरे झाले आणि याच २०२४ मध्ये ध्वनिमुद्रिकेलाही पन्नास वर्षे पूर्ण झाली. क्रमाला, निवेदनाला आणि श्रेयनामावलीला धक्का न लावणारी, सोबत मराठीतून साक्षेपी टिपणे असलेली आवृत्ती आजही निघू शकते. त्या टिपणांत फुल्यांच्या पोवाड्याचा उल्लेख असावा, निवेदनावरील आक्षेपांची नोंद असावी, भूषणाच्या कवित्ताचा मराठी अर्थ असावा. तोवर महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास आणि संगीत विभागांना एक काम सहज करता येण्यासारखे आहे. एका तासिकेत ही ध्वनिमुद्रिका मध्ये न थांबवता, निवेदनासह, मूळ क्रमाने ऐकवावी, आणि चर्चा पाळण्यापासून सुरू करावी.